पिकअपवरची खोली

रजिस्टरात नाव लिहून झालं होतं. रंगनाथ चिमाजी विधाते, मखमलाबाद, जिल्हा नाशिक, माणसं दोन. धर्मशाळेच्या कारकुनानं किल्ली टेबलावर ठेवली आणि कुसाबाईनं ती उचलायला हात पुढं केला. तो हात बोटांच्या टोकांपासून मनगटाच्या वरपर्यंत पांढरा पडलेला होता. कारकुनानं हात पाहिला, मग तोंडाकडं पाहिलं, ओठांच्या कडेचे डाग पाहिले आणि किल्लीवर आपला पंजा ठेवला. खोल्या सगळ्या भरल्यात म्हणाला, किल्ली चुकून निघाली.

रंगनाथनं त्याला सांगितलं की हे कोड आहे, ते कुणाला लागत नाही, बावीस वर्षं आपण हिच्या हातचं खातोय. कारकून शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं लेकराबाळांची माणसं उतरतात. समजून घ्या." आणि त्यानं पेन उचलून रजिस्टरातल्या नावावर आडवी रेघ मारली.

ही गोष्ट १९९७ ची. रंगनाथ तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. बापाकडून आलेला तीन एकरांचा मळा, त्यात कोथिंबीर, फ्लॉवर, झेंडू, आणि माल मार्केटला न्यायला एक जुनी पिकअप. भाऊबंदांत तो भांडखोर म्हणून ओळखला जायचा, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यानं भल्याभल्यांशी वाद घातले होते. तो माणूस त्या दिवशी एक अक्षर न बोलता पिशव्या उचलून बाहेर आला, दर्शन न घेता परतीच्या एसटीत बसला. आपल्या नावावर रेघ मारली आणि आपण ती मारू दिली, हे त्याच्या डोक्यातून पुढं कित्येक दिवस जाईना. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तो मधेच थांबायचा आणि त्या कारकुनाला जे बोलायला हवं होतं ते स्वतःशीच बोलायचा.

पुढच्या वर्षी तो तयारीनं निघाला. नाशिकच्या चामडीच्या डॉक्टरकडून त्यानं दाखला लिहून घेतला, त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं. दुसरं गाव, दुसरं देवस्थान. इथला व्यवस्थापक शिकलेला होता. त्यानं दाखला नीट वाचला, मागून पुढून पाहिला आणि म्हणाला, "मला पटतं हो. पण बाकीच्या भाविकांना कोण समजावणार?"

"तुम्ही समजावा की," रंगनाथ म्हणाला. "तुम्हाला वाचता येतंय."

व्यवस्थापकानं दाखला परत केला आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला पुढं बोलावलं. त्याच गावातल्या लॉजवाल्यानं तर दाखला हातातही घेतला नाही. चादरी धुवायला धोबी नाही म्हणेल, असं सांगून मोकळा झाला. रंगनाथला पहिल्या कारकुनापेक्षा या शिकलेल्याचाच संताप जास्त आला. न कळणाऱ्याला निदान कळत तरी नसतं. याला कळत होतं आणि तरीही त्यानं दार लावलं.

येताना चांदवडच्या घाटात एसटी तापून उभी राहिली. खाली उतरल्यावर तो बायकोला म्हणाला, आता कुणाच्या दारात उभं राह्यचं नाय, आपली खोली आपणच संगं न्यायची. कुसाबाई डोंगराकडं पाहत होती. ती काही बोलली नाही, आणि रंगनाथनं तो होकार धरला.

त्यानंतरची दोन वर्षं त्याच्या फुरसतीचा प्रत्येक तास त्या खोलीत गेला. पिकअपच्या हौद्यात बसेल अशी पेटी करायची, गाडी चालताना तिचं छप्पर खाली बसलेलं असावं, मुक्कामी पोचलं की ते माणूस उभं राहील इतकं वर उचलता यावं, आणि मधल्या जागेत कापडाच्या भिंती. आठवड्याचे सहा दिवस पिकअपला फ्लॉवर वाहायचा होता, म्हणून सगळी पेटी चार बोल्टांवर बसवायची, बोल्ट काढले की उतरवून चार टिपाडांवर ठेवायची. कागदावर त्यानं हे कधी काढलं नाही. पेठ रोडच्या बुधा वेल्डरला त्यानं काडेपेटीच्या खोक्यावर समजावून सांगितलं. बुधा त्याच्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं काडेपेटी तीनदा उघडबंद केली आणि म्हणाला, होईल.

पण ते सहज झालं नाही. चार कोपऱ्यांना चौकोनी पाइप, त्यात सरकणारे दुसरे पाइप, आणि वर चढवायला वायर. पोल्ट्रीचे पडदे वर-खाली करायची हातानं फिरवायची विंच रंगनाथनं निफाडच्या एका बंद पडलेल्या शेडमधून आणली होती. पहिल्यांदा छप्पर उचललं तेव्हा एक कोपरा पुढं गेला, तीन मागं राहिले आणि सगळं तिरपं होऊन अडकलं. वर पत्रा लोखंडी होता, वजन बेफाम. तो सोडवताना विंचचा दात निसटला आणि छप्पर रंगनाथच्या डाव्या हातावर आलं. दोन बोटांची नखं गेली. शेजारच्या मळ्यातला रावजी बघायला आला आणि म्हणाला, या वयात कसली हौस. रंगनाथनंही सगळ्यांना हौसच सांगितलं होतं. खरं कारण बुधालाही सांगितलं नव्हतं, आणि बुधानं विचारलंही नाही. त्यानं चारही वायरी गाडीच्या पुढच्या बाजूला एकाच रिळावर आणल्या, म्हणजे रीळ एक इंच फिरलं की चारही कोपरे एक इंच वर जातील. लोखंडी पत्रा काढून फायबरचा बसवला. भिंतींसाठी देवळाली कॅम्पातल्या डिस्पोजलच्या दुकानातून लष्करी तंबूचं जाड कापड आणलं आणि एका मंडपवाल्याच्या शिंप्याकडून शिवून घेतलं, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. आत बिजागरीवरच्या दोन फळ्या, दिवसा बसायला, रात्री झोपायला. एका कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचा कॅन.

२००० सालच्या दिवाळीनंतर ते दोघं पहिल्यांदा निघाले. सातपुड्याच्या पायथ्याला नदीकाठी रंगनाथनं विंच फिरवली, छप्पर सरळ वर गेलं, कापडाच्या भिंती ताणल्या गेल्या. कुसाबाईनं आत चहा केला, दोघं फळीवर समोरासमोर बसले. वाऱ्यानं कापड हलत होतं, पण आत येत काही नव्हतं.

"कशी झाली?" त्यानं विचारलं.

"ब्येस झाली," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "पण एक सांगा. ही कुणासाठी बांधली?"

"तुझ्यासाठी. आणखी कुणासाठी?"

"माझ्यासाठी बांधली असती तर मला इचारलं असतं. त्यांना वाटतं मी त्यांच्या डोळ्यापुढं नको. तुम्ही मला पडद्याआड आणून बसवलं. त्यांचं काम तुम्हीच करून दिलं."

रंगनाथ उठून बाहेर गेला. दोन वर्षं, दोन नखं, सगळ्या गावाचं हसणं, आणि वर हे. तो त्या दिवशी जेवला नाही. नदीच्या कडेकडेनं बराच लांब चालत गेला आणि चालता चालता त्याला तिचा राग येत राहिला, कारण तिचं म्हणणं खोडून काढायला त्याच्याकडं काहीच नव्हतं. नावावर रेघ मारली होती ती त्याच्या. त्याला बोचलं होतं ते आपलं नाव. हात तिचा होता, आणि तिला काय वाटलं ते या तीन वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

परतल्यावर त्यानं माफी वगैरे मागितली नाही, ते त्याला जमण्यातलं नव्हतं. पुढं कुठं जायचं ते तू सांग, एवढंच म्हणाला. ती म्हणाली, चैत्रात देवीला जाऊ, आणि आधी धर्मशाळेत जाऊ.

ते मराठवाड्यातलं एक छोटं गाव होतं. चैत्राची गर्दी होती, तरी धर्मशाळेच्या फळ्यावर खडूनं पाच खोल्या शिल्लक असल्याचं लिहिलं होतं. कुसाबाईनं नवऱ्याला मागं थांबवलं आणि स्वतः टेबलाशी गेली. तिथल्या माणसानं तिला नाही म्हटलं नाही. अशा लोकांसाठी मागं गोठ्यापाशी पत्र्याची शेड आहे, तिथं जा म्हणाला.

"अशा म्हणजे कशा?" तिनं विचारलं.

त्यानं रजिस्टर मिटलं. ती बाहेर आली. रंगनाथ आत जायला निघाला होता. तिनं त्याला अडवलं आणि गाडी फाटकासमोरच्या लिंबाखाली लावायला सांगितली.

"छप्पर उचला," ती म्हणाली. "कापड बांधू नका."

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं विंच फिरवली. छप्पर वर गेलं, कापडाच्या भिंती तशाच गुंडाळलेल्या राहिल्या आणि चहूबाजूंनी उघड्या खोलीत कुसाबाई स्टोव्हला पंप मारत बसली.

पिकअपवर छप्पर चढताना बघून माणसं जमणारच. जत्रेतलं पहिलं टोळकं आलं, हे काय यंत्र म्हणून विचारू लागलं. रंगनाथ नेहमीसारखं हौस म्हणणार होता, तेवढ्यात कुसाबाईनं हात पुढं केले आणि सांगितलं, की हिथं मला खोली देत नाहीत, हे हात बघून, म्हणून आम्ही आमची आणली. कोड हाय, लागत नाय, हा डॉक्टरचा कागद. आवाज चढवला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. टोळकं गेलं की दुसरं यायचं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. काही बायका पदर सावरून मागं सरकल्या. एकजण पोराला ओढत घेऊन गेली. परभणीकडची एक म्हातारी मात्र सरळ वर चढून फळीवर बसली, तिच्या हातचा चहा प्यायली आणि जाताना धर्मशाळेच्या टेबलाशी जाऊन मोठमोठ्यानं काहीतरी बोलली. रंगनाथ पहिल्या दिवशी शरमेनं गाडीच्या पलीकडच्या चाकापाशी बसून राहिला. आपल्या बायकोचे हात असे चारचौघांत मांडले जातायत हे त्याला बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला आणि लोकांना विंच कशी चालते ते दाखवू लागला, म्हणजे माणसं जास्त वेळ थांबतील.

धर्मशाळेनं हवालदार बोलावला. हवालदारानं रस्ता पाहिला, रस्ता गावाचा होता, फाटक मोकळं होतं. त्यानंही दाखला वाचला, चहा घेतला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी खुद्द विश्वस्त आले. सत्तरीचे, पांढऱ्या टोपीतले, काठी टेकत. म्हणाले, "बाई, संस्थेची बदनामी होतेय."

"मी संस्थेचं नाव घेतलेलं नाय," कुसाबाई म्हणाली. "खोली देत नाय एवढंच सांगते. खोटं असंल तर सांगा, मी गप बसते."

म्हाताऱ्यानं मागच्या बाजूची एक खोली देतो म्हणून सांगितलं. मागची का, असं तिनं विचारलं. शेवटी पुढच्या ओळीतली खोली ठरली आणि रजिस्टर त्यानं स्वतः उघडलं. तिनं आपलं नाव घालायला लावलं, कुसाबाई रंगनाथ विधाते, माणूस एक. चौथीपर्यंत शिकलेली होती, सही सावकाश, पूर्ण केली.

एक का, म्हणून विश्वस्तानं विचारलं, कारण रंगनाथ तिथंच उभा होता. रंगनाथनंच आधी सांगून ठेवलं होतं, की या असल्या जागेत मी पाऊल ठेवणार नाय आणि तूही ठेवू नको. किल्ली यांच्या तोंडावर फेकून चल. त्यावर कुसाबाई त्याला म्हणाली होती, तुम्ही नका येऊ, मी भाडं भरून राहते. ती खोलीत झोपली, तो गाडीत. सकाळी ती आली आणि सांगू लागली, की भिंतीला ओल हाय, नळाला पाणी नाय आणि डासांनी फोडून काढलं. एवढ्यासाठी भांडलो होय आपण, तो म्हणाला. एवढ्यासाठीच, ती म्हणाली, वाईट खोली तर वाईट खोली, पण सगळ्यांना मिळती तीच.

त्यानंतर सात वर्षं ते फिरले, वर्षातून एकदा, कधी दोनदा. प्रत्येक ठिकाणी कुसाबाई आधी जाऊन खोली मागायची. बऱ्याच जागी मिळाली, काही जागी नाही. नाही मिळाली तिथं फाटकासमोर छप्पर चढायचं आणि कापड गुंडाळलेलं राहायचं. गावात रावजीसकट सगळ्यांना खरं कारण कळलं, ते कुसाबाईनंच बाजारात बसून सांगितलं होतं. त्यानंतर चार जणी घरी येऊन गेल्या, कुणाच्या सुनेला डाग आलेला, कुणाच्या बहिणीला. एकीनं ती गाडी देवदर्शनाला मागितली. रंगनाथ द्यायला तयार होता. कुसाबाईनं आधी तिला दाखल्याची प्रत काढून दिली.

शेवटची फेरी २००८ ची. रंगनाथचा उजवा हात तेव्हा खांद्याच्या वर जात नव्हता, पिकअपही थकली होती. एका नव्याकोऱ्या भक्तनिवासात कुसाबाई टेबलाशी गेली. समोर कॉम्प्युटर, त्यामागं पंचविशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्यानं तिचे हात पाहिले, पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, सॉरी मावशी, सगळं बुक दाखवतंय. तिच्या मागून आलेल्या कुटुंबाला त्यानं दोन मिनिटांत खोली दिली. रंगनाथ दारात उभा राहून हे बघत होता. अकरा वर्षं झाली होती. रजिस्टर गेलं होतं, पेन गेलं होतं, माणूस नवा होता, आणि बोलणं अगदी तेच. त्याला वाटलं तो कॉम्प्युटर उचलून आपटावा.

कुसाबाई बाहेर आली. तिनं काही सांगायच्या आधीच तो गाडीकडं निघाला होता. फाटकासमोर, भर उन्हात, त्यानं पिकअप आडवी लावली आणि डाव्या हातानं विंच फिरवायला घेतली.