तपासणारं माणूस

इमारत कुठे मोडावी हे आधीच ठरवून ठेवणं, हे माझं पोटापाण्याचं काम. असं सांगितलं की माणसं जरा सरकून बसतात. मालकाला आपलं घर अजिबात मोडायला नको असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण जमीन हलायला लागली की कुठेतरी काहीतरी वाकणारच. ते आपण सांगू तिथे वाकावं, खांब उभे राहावेत, छप्पर डोक्यावर येऊ नये, एवढ्यासाठी मी गेली पस्तीस वर्षं लोखंडाची आणि लाकडाची गणितं करत आलो आहे.

मावळात मोठा भूकंप मी पाहिलेला नाही. कोयनेच्या बाजूला हललं की कधीतरी आमच्या तळेगावात मांडणीवरची भांडी वाजतात, तेवढंच. त्यामुळे माझी गणितं बरोबर होती की चूक, हे आजवर जमिनीने मला सांगितलेलं नाही, आणि न सांगो. म्हणून या धंद्यात तपासणारं माणूस लागतं. एकाने काढायचं, दुसऱ्याने तपासायचं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझी बायको.

ती माझ्याच वर्गात होती, आणि गणितात माझ्यापेक्षा बरी. माझे नकाशे तपासून झाले की ती कोपऱ्यात साध्या मराठीत चार ओळी लिहायची. 'इथली भोकं मुद्दाम लांबट ठेवली आहेत. भूकंपात बोल्टला सरकायला जागा हवी. कृपया वेल्डिंग करून पक्कं करू नये.' मी चिडवायचो, "अगं, नकाशा आहे हा, विहीणबाईंना पत्र नव्हे." ती म्हणायची, "कारण कळलं तर मिस्त्री आपलं ऐकतील. नाहीतर स्वतःचं डोकं चालवतील. आणि त्यांना डोकं आहे." मला हे कधी पटलं नाही. ज्याला नकाशा वाचता येत नाही त्याने हातोडा धरू नये, असं माझं मत होतं. मी हट्टी माणूस आहे, हे ती सगळ्यांना सांगायची.

ती जाऊन अडीच वर्षं झाली. लोक विचारतात, एकटं जेवताना जड जात असेल ना? तसं नाही. जेवण कसंही उरकतं. जड जातं ते गणित संपल्यावर. उत्तर समोर आलेलं असतं आणि ते दाखवायला घरात कोणी नसतं. मग मीच ते पुन्हा वाचतो. आपलं गणित आपणच तपासलं की ते दर वेळी बरोबरच येतं.

गेल्या वर्षी पवनेच्या बाजूच्या एका गावातल्या बौद्ध मंडळींनी विहाराशेजारी मुलांसाठी अभ्यासिका बांधायला घेतली. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी शाळेत नोकरी करणारं. सगळ्यांनी मनापासून उचललेलं काम. सांगाडा लोखंडाचा, वर सागवानी छप्पर. एका वेळी पन्नास मुलं बसणार होती, म्हणून मी जरा जास्तच जीव ओतला. खांबाच्या अलीकडे बीमच्या वरच्या-खालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी गोलाईत कापून तिथे बीमला कंबर ठेवायची, अशी एक रीत आहे. मोठा धक्का बसला तर बीम त्या कंबरेत वाकतो आणि खांबाजवळचा जोड वाचतो. ही रीत मी पहिल्यांदाच वापरत होतो. बीम एमआयडीसीतून तसे कापून आले आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी ते उभे केले.

मिस्त्री माझ्याहून चार वर्षांनी मोठे, सातवी शिकलेले. तळेगाव स्टेशनजवळ त्यांचं वर्कशॉप आहे. शुक्रवारी नमाज पढून आल्याशिवाय वेल्डिंगला हात लावत नाहीत, आणि हात लावला की त्यात खोट निघत नाही. वीस वर्षं ते आमचं काम करतात.

रंग लावायच्या आदल्या दिवशी मी पाहायला गेलो, तर एकाही बीमला कंबर दिसेना. आठही ठिकाणी लोखंडाचे तुकडे बसवून, वेल्डिंग करून, वर ग्राइंडर फिरवून इतकं गुळगुळीत केलं होतं की बोटालाही जोड लागेना. काम सुरेख होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी सांगितलं हे भरायला?" मी ओरडलो. समितीचे दोघेजण तिथे चहा पीत बसले होते, ते उठून उभे राहिले.

मिस्त्रींनी माझा दंड धरला. वीस वर्षांत त्यांनी मला असा हात लावला नव्हता. "सायेब, हितं नको," म्हणाले आणि मला मागे वाळूच्या ढिगाकडे घेऊन गेले.

"मीच भरलं," ते म्हणाले. "ऐन जोराच्या जागी बीम बारीक केलेला. म्हनलं, सायबांची चूक झाली. मंडळींच्या ध्यानात आली असती तर तुमचं नाव गेलं असतं. म्हनून गुपचूप झाकून टाकली."

"अहो, मुद्दाम कापलं होतं ते! मीटरमधला फ्यूज जळतो म्हणून घर वाचतं ना? तुम्ही फ्यूजच्या जागी जाड तार घालून ठेवलीत."

त्यांना क्षणात समजलं. चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "लिवायचं ना मग, सायेब. वैनी लिवायच्या. त्या गेल्यापास्नं तुमच्या नकाशात कायबी लिवलेलं नसतं. दुःखात मानसाचं चुकतं, असं मी धरून चाललो."

 'धरून चाललो' हे शब्द मला टोचले. मी विचारलं, "अजून कुठे कुठे झाकलंय?"

ते खाली बघत म्हणाले, "कुसगावच्या हाटेलात. एकाच जागी."

अभ्यासिकेतले तुकडे मिस्त्रींनी स्वतः काढले. दोन बीम तर नवे आणावे लागले. समितीला मी सांगितलं की सूचना लिहायची माझ्याकडूनच राहिली. ते खरंच होतं, तरी बोलताना मी मिस्त्रींवर उपकार करतोय असंच मला वाटत होतं. कुसगावला काय केलं असेल त्याच्या काळजीने मात्र झोप उडाली. तिथल्या खोल्यांमध्ये रोज माणसं झोपत होती.

दोन दिवसांनी, लोणावळ्याच्या गर्दीतून वाट काढत, मी कुसगावला गेलो. छोटं हॉटेल, खाली लोखंड आणि वरचा मजला पूर्ण सागवानी. वऱ्हांड्यात पाहुण्यांच्या चपला पडल्या होत्या. वर जाऊन पाहिलं. लाकडाची मोठी तुळई जिथे खांबाच्या माथ्यावर टेकते, तिथे दोन्ही बाजूंनी जाड पट्टी बसवून आरपार बोल्ट मारलेले. असं मी काही दिल्याचं मला आठवेना. खाली येऊन गाडीत नकाशे उघडले. त्या सांध्यापाशी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तपशील पान सातवर पाहा.'

पानं सहाच होती.

लाकडाच्या सांध्यांचं पान नेहमी ती काढायची. माझी पानं झाली की माझं काम झालं, ही इतक्या वर्षांची सवय. मी सही करून संच पाठवून दिला होता आणि सातवं पान जगात कुठेच नव्हतं. तिथेच, स्टिअरिंगवर वही टेकवून मी गणित केलं. पट्टी नसती तर तुळई नुसती टेकलेली राहिली असती आणि मोठ्या धक्क्याला माथ्यावरून घसरली असती.  पट्टी आणि बोल्ट मात्र पुरेसे होते, थोडे जास्तच.

मी मिस्त्रींना फोन लावला. "कुसगावची पट्टी राहू द्या. तिथे चूक माझी होती."

"म्हाईत हाय, सायेब. म्हनूनच लावली."

"मग मला सांगायचं नाही का?"

 ते म्हणाले, "सांगायलाच आलतो की तुमच्या घरी. नकाशा तुमच्या म्होरं ठिवला. तुमी बघितलाबी न्हाई. म्हनलात, 'ठेवून जा मिस्त्री, ही तपासून देईल.' वैनींचा चाळिसावा दिस हुऊन गेलता तवा. मी काय बोलनार? चा घेतला आन् नकाशा उचलून आलो."

मी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण मिस्त्री कशाला खोटं बोलतील?