दत्ता मायदेवच्या घरातला तळ

दत्ता मायदेवला कुणाला नाही म्हणता येत नाही. बिचारा तोंड उघडतो ते नाही म्हणायलाच, पण बाहेर पडतं, "हो हो, बघू या ना." पुण्यात हे खपून जायचं. तिथे 'बघू या' म्हणजे काय, ते म्हणणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. जर्मन माणसाला मात्र 'बघू या' म्हटलं की तो तिथल्या तिथे कॅलेंडर काढतो आणि विचारतो, मंगळवारी चालेल का. मग दत्ता म्हणतो, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, "मंगळवारी." असा मनुष्य.

तो राहतो क्लाइनफेल्सबाख नावाच्या गावात. गाव म्हणजे एक चर्च, एक बेकरी, सभेला आणि कवायतीला एकच हॉल, आणि टेकडीपलीकडे अमेरिकन सैन्याचा भलाथोरला तळ. आठवड्यातून दोनदा दत्ता गाडी काढून वाल्डॉर्फच्या बाजूला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात जातो, उरलेले दिवस घरून काम. घर त्याने आणि विभावरीने हौसेने घेतलं ते त्यातल्या एका खोलीसाठी. वरच्या मजल्यावर, खिडकीतून सफरचंदाचं झाड दिसेल अशी, दत्ताच्या होम ऑफिसची खोली. त्या खोलीत आता रमेशदादा राहतात.

रमेशदादा म्हणजे दत्ताचे मावसभाऊ, वयाने चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे, एकटे, पूर्वी बर्लिनला असायचे. कामही असं की लॅपटॉप उघडला की झालं. गेल्या उन्हाळ्यात मायदेव मंडळी सुट्टीला पुण्याला निघाली आणि नेमकी त्याच सुमाराला गल्लीत चोरी झाली. चोरी कसली, कुणाची तरी सायकल आणि बागेतला दाढीवाल्या बुटक्याचा मातीचा पुतळा गेला. पण विभावरीच्या मनाने घेतलं. ती म्हणाली, घर एकटं नको, कुणीतरी राखायला हवं. दत्ताने दादांना फोन केला. दादा दुसऱ्याच दिवशी हजर, हातात दोन बॅगा आणि एक कॅमेरा.

घर त्यांनी राखलं, यात शंकाच नाही. मंडळी पुण्याहून परत आली तर त्यांनाच आत जाता येईना. दाराला तीन कुलपं, वर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यातून दादांचा आवाज, "कोण आहे?"

"दादा, मी दत्ता."

"हो, पण मागे ते कोण?"

मागे विभावरी होती आणि चौदा वर्षांची स्वानंदी. तेव्हा सगळे हसले. उन्हाळा सरला, नाताळ झाला, मार्च उजाडला, आणि आता घरात त्यावर कुणी हसत नव्हतं. कारण दादा पसरले होते. आधी खोली. मग तळघरात त्यांची व्यायामाची सायकल आणि लोणच्याच्या बरण्या. मग गॅरेज, त्यात त्यांची हत्यारं, म्हणजे पाने, पक्कड आणि ड्रिल, आणि मायदेवांची गाडी रस्त्यावर. हीटिंग किती ठेवायचं ते दादा ठरवणार. संध्याकाळ झाली की खिडक्यांची सगळी शटर खाली ओढणार. पार्सलवाल्याला फाटकाबाहेर चार पावलं मागे उभं करणार. स्वानंदीला मैत्रिणींना घरी आणायचं तर आधी कळवावं लागे. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं, आणि त्या दिवसांत ते एकच होतं: ओंकेल रमेशनी मना केलंय.

दत्ताचं ऑफिस तळघरात कपडे धुवायच्या खोलीत गेलं. वॉशिंग मशीनशेजारी टेबल, वर दोरीवर वाळणारे मोजे. एकदा त्याची बॉस भर मीटिंगमध्ये म्हणाली, "हेर मायदेव," (हेर म्हणजे आपलं श्रीयुत), "तुमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर जातंय वाटतं. तळ जवळच आहे ना तुमचा?" मशीन पिळायला लागलं होतं. दत्ता म्हणाला, "या, या," म्हणजे जर्मनमधलं हो हो, "रोजचंच आहे," आणि मोजे कॅमेऱ्यातून बाजूला केले.

आता तुम्ही म्हणाल, मग जा म्हणून सांगायचं ना सरळ. अहो, तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं. दादा स्वतःच अधूनमधून जेवणानंतर बडीशेप चघळत म्हणायचे, "चला, आता मला निघायला हवं बरं का. फार दिवस झाले." आणि दत्ताची जीभ, मालकाला न विचारता, म्हणायची, "अरे दादा, इतक्यात कुठे?" विभावरी टेबलाखालून त्याला लाथ मारायची. पण एकदा दत्ता ऑफिसला गेलेला असताना दादा हेच तिला म्हणाले, तर ती काय म्हणाली? "थांबा हो, उद्या पुरणपोळ्या करणार आहे." आपण आपल्या तोंडाने हे काय बोलून बसलो म्हणून ती नंतर बाथरूममध्ये जाऊन बसली.

आणि मग पुण्याहून फोन आला की विभावरीचे आई-बाबा, भास्करराव आणि ऊर्मिलाताई, ईस्टरला येताहेत.

विभावरीने दत्ताला तळघरात गाठलं. "ऐक. आई-बाबा आपल्या खोलीत झोपतील. मी स्वानंदीकडे. रमेशदादा गेले तर तू वरच्या खोलीत, नाही गेले तर तू इथे, मशीनजवळ. आणि ईस्टरनंतरही इथेच. दादांना तू बोलावलंस, तूच सांगायचं."

"बघू या ना," दत्ता म्हणाला. तिने नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानंतर दत्ताची झोप उडाली ती उडालीच.

याच सुमाराला गावात दुसरंच पेटलं होतं. टेकडीपलीकडचा तळ वाढवणार अशी बातमी आली, दुसऱ्या आठवड्यात तो बंदच करणार अशी आली, आणि गावाचे सरळ दोन भाग झाले. एकाचं म्हणणं, अमेरिकन गेले तर आपलं रक्षण कोण करणार. दुसऱ्याचं म्हणणं, अमेरिकन आहेत म्हणून तर आपलं रक्षण करायची वेळ येणार. दत्ताच्या उजवीकडे हेर काप्पेल, ते पहिल्या पक्षाचे. त्यांचा वरचा मजला कायम एखाद्या अमेरिकन सार्जंटला भाड्याने दिलेला असे, आणि नुकताच तो रिकामा झाल्यामुळे हेर काप्पेल फार देशभक्त झाले होते. डावीकडे फ्राऊ लिंडनर, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गॅलरीत शांततेचा इंद्रधनुषी झेंडा, आणि स्वानंदीला गणित शिकवायच्या त्या, तेही फुकट.

दोघांनीही दत्ताला या विषयावरच्या गावसभेला बोलावलं. काप्पेल म्हणाले, "तुम्ही आता जर्मन नागरिक. आमच्या बाजूने बोला." दत्ता म्हणाला, "हो हो." दुसऱ्या कुंपणावरून फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "तुमच्याकडचे लोक शांतताप्रिय. आमच्या बाजूने बोलाल ना?" दत्ता म्हणाला, "गेनाऊ."

त्यामुळे सभेत महापौर बाई वक्त्यांची नावं वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "हेर मायदेव, तुमचं नाव दोनदा आहे. एकदा तळ राहावा म्हणून आणि एकदा जावा म्हणून."

"या," दत्ता म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

हॉल गच्च भरलेला. बेकरीवाल्या मालकीणबाईसुद्धा पीठ झटकून आलेल्या. एका बाजूला काप्पेल, दुसऱ्या बाजूला लिंडनर, दोघं दत्ताकडे आशेने बघताहेत. मधल्या वाटेवर विभावरी आणि स्वानंदी. आणि सगळ्यात मागे, दाराशी, पाठ भिंतीला लावून रमेशदादा. गर्दीच्या ठिकाणी आपली मंडळी एकटी कशी सोडायची, म्हणून आलेले.

दत्ता माइकपाशी गेला. तळाबद्दल त्याला काडीचं मत नव्हतं. गेल्या किती तरी दिवसांत त्याच्या डोक्यात एकच विषय होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून डोक्यातलं तेच बाहेर पडतं. शिवाय दादा मागे दिसले नव्हते त्याला.

"तळाचं मला सांगता येणार नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "पण माझ्या घरी माझा एक भाऊ राहतो. चोरी झाली म्हणून मी त्याला राखणीला बोलावलं. तो आला, हे त्याचे उपकार. पण आता माझी खोली त्याची, गॅरेज त्याचं, आणि माझ्या घरात किती गरम असावं हे तो ठरवतो. मी वॉशिंग मशीनशेजारी बसतो. आणि मला त्याला जा म्हणवत नाही, कारण तो गेला तर पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो हेसुद्धा मला आता ठाऊक नाही."

विभावरीने डोळे मिटून घेतले. आणि मग क्लाइनफेल्सबाखच्या गावकऱ्यांनी काय केलं, तर सरळ हात वर करायला सुरुवात केली. इतके दिवस ते अशा तळावर भांडत होते जो टेकडीएवढा होता आणि ज्याच्याबद्दल त्यांना कुणी विचारणार नव्हतं. आता त्यांना एका खोलीत मावणारा तळ मिळाला होता. ते खूशच झाले.

"करार काय झाला होता?" पहिल्या रांगेतून एकाने विचारलं. "किती मुदतीचा?"

"मुदत नव्हती," दत्ता म्हणाला. "आम्ही फक्त 'राहायला या' म्हटलं."

"मुदत नव्हती," लोक एकमेकांना म्हणाले आणि माना हलवू लागले.

हेर काप्पेल उठले. "हा भाऊ गेला तर पोकळी निर्माण होईल. आणि पोकळी कुणीतरी भरतंच. आज भाऊ आहे, उद्या कोण येईल सांगता येत नाही."

"सासरे येताहेत," दत्ता म्हणाला.

"बघा," काप्पेल म्हणाले.

फ्राऊ लिंडनर उठल्या. "चोर पुन्हा आला का? नाही. मग राखण कशापासून चालली आहे? त्या माणसाने माझ्या मांजराचाही फोटो काढून ठेवलाय." बेकरीवाल्या बाई म्हणाल्या की ते काही असो, हेर रमेश रोज सकाळी दोन रायब्रेड नेतात, ते गेले तर नुकसान कुणाचं? कुणी म्हणालं, मायदेवांनी स्वतःच्या घराची जबाबदारी हळूहळू स्वतः घ्यावी, सुरुवातीला एक कुलूप. कुणी म्हणालं, एका कुलपाने काय होतंय. महापौर बाई दोनदा म्हणाल्या की आपण मूळ विषयाकडे वळू या, पण वळायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा मागून आवाज आला. "मी बोलू का? मी तळ आहे."

रमेशदादा सावकाश पुढे आले. जमीन दुभंगून आत जावं असं दत्ताला वाटलं, पण क्लाइनफेल्सबाखच्या हॉलची जमीन पक्की सिमेंटची आहे.

दादांचं जर्मन बर्लिनचं, दत्तापेक्षा कितीतरी चांगलं. ते म्हणाले, "मी किती तरी वेळा म्हणालो, आता निघतो. दर वेळी हा म्हणाला, इतक्यात कुठे. ही म्हणाली, पुरणपोळी करते. बर्लिनच्या घरात मी आलो काय, गेलो काय, कुणी मान वर करायचं नाही. इथे मला लोक थांब म्हणत होते. मला वाटलं, यांना मी हवाय. म्हणून मग मी जास्तच राखायला लागलो." त्यांचा आवाज थोडा ओला झाला. "मला नको म्हटलं असतंत तर मी त्याच दिवशी गेलो असतो."

विभावरीला एकदम रडू आलं. दत्ता तर माइकला धरून उभा.

फ्राऊ लिंडनरनी चष्मा काढला. "हेर मायदेव, हे खरं आहे? त्यांनी विचारलं आणि तुम्ही थांब म्हणालात?"

"हो, पण आमच्यात तसं म्हणतात," दत्ता म्हणाला. "म्हणायचं म्हणून."

"मग आता म्हणू नका," त्या गणिताच्या तासाच्या आवाजात म्हणाल्या. "आता जे आहे ते सांगा. आम्ही थांबतो."

सगळा गाव थांबला. जर्मन माणसं थांबतो म्हणाली की खरंच थांबतात. दत्ताने दादांकडे पाहिलं. लहानपणी याच माणसाने त्याला सायकल शिकवली होती, मागून सीट धरून, आणि सोडताना सांगितलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. ओठांवर 'इतक्यात कुठे' आलं, ते त्याने गिळलं. 'बघू या' आलं, तेही गिळलं.

"दादा," तो मराठीत म्हणाला, "जेवून जा."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. मग स्वानंदी उभी राहिली आणि तिने जर्मनमध्ये सांगितलं, "त्यांनी जावं. पण आधी जेवावं."

गावाला हे एकदम पटलं. दोन्ही पक्षांना पटलं, हे त्या वर्षात पहिल्यांदाच. महापौर बाईंनी हात वर करायला सांगितले, आणि परकीय तळाने जेवण झाल्यावर जावं, असा ठराव काप्पेल आणि लिंडनर दोघांच्याही मतांनी मंजूर झाला. टेकडीपलीकडच्या तळाचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.

त्या संध्याकाळी विभावरीने पुरणपोळ्याच केल्या. दादांनी पोटभर खाल्ल्या. चौथीला नको म्हणाले, आणि कुणी आग्रह केला नाही. अगदी तूपसुद्धा एकदाच वाढलं. मायदेवांच्या घरात असं जेवण पूर्वी कधी झालं नव्हतं. ताटावरून उठताना दादांनी दत्ताच्या पाठीवर हात ठेवला, मग त्याला तळघरात नेऊन पाण्याचा मुख्य नळ दाखवला.

दादा गेले, पण फार लांब नाही. हेर काप्पेलांचा वरचा मजला रिकामाच होता. ईस्टरच्या आधी दादा तिथे स्थिरस्थावर झाले, रीतसर भाडेकरार करून, त्यात मुदत लिहून. काप्पेल खूश. बेकरीवाल्या बाई खूश. भास्करराव आणि ऊर्मिलाताई आले, ऐसपैस राहिले. दत्ता आपल्या खोलीत बसून सफरचंदाच्या झाडाकडे बघत काम करायला लागला, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये बॉसने विचारलं की हेलिकॉप्टर गेलं का.

एका संध्याकाळी त्याचा फोन वाजला. शेजारी काप्पेलांच्या वरच्या खिडकीत दादा उभे होते, कानाला फोन.

"दत्ता, दार लावलंस का?"

"लावलं," दत्ता म्हणाला.

फोन ठेवला. मग तो उठला, खाली गेला आणि दार लावलं.