अकरा चाळीसचा रकाना

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसत आलोय. बावीस वर्षं कॅज्युअल्टीत ब्रदर म्हणून काम करतोय. कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, पण परत येऊन कधी कोणी दिसलं नाही. तरी हे लिहितोय, कारण घरी सांगता येत नाही...

सिंहगड रस्त्याकडचं एक खासगी हॉस्पिटल. नाव नको. मागच्या वर्षीची गोष्ट, सकाळची वेळ, लख्ख उजेड. धायरीचे साठीचे एक काका गाडीवरून घसरले होते, खांदा निखळला होता. अकरा वीसला गुंगीचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी खांदा बसवला आणि ते पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेले. काका पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी उभं राहायचं, दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, ऑक्सिजन बघून चार्टवर लिहायचं — हे माझं काम.

मी काय करायचो, ते सांगतो. सगळे रकाने आधीच भरून टाकायचो. ऑक्सिजन ९८, ९८, ९९, ९८... फाईल स्वच्छ दिसायची, कोणी कधी विचारलं नाही. त्या दिवशीही इंजेक्शन देतादेताच बारापर्यंतचे भरले. मॉनिटरचा आवाज बंद केला, सारखा कोकलतो म्हणून. तेवढ्यात चहा आला. चार्ट काखेत धरून दारापाशी गेलो.

परत आलो तर काकांचे ओठ निळे. छाती हलत नव्हती. मॉनिटरवर ऑक्सिजन ७८. घड्याळात अकरा चाळीस. हनुवटी वर उचलली, मास्क लावून श्वास देण्याचा फुगा दाबत राहिलो... दोनेक मिनिटांत आकडा चढला, काका खोकले.

"काय झालं हो?" डॉक्टरांनी पडद्याआडून विचारलं.

"काही नाही सर. बोटाची क्लिप निघाली होती."

मग चार्ट पाहिला. अकरा चाळीसच्या रकान्यात ७८ लिहिलं होतं. माझंच अक्षर, माझंच पेन. वीस मिनिटं आधी लिहिलेलं. चार्ट माझ्या काखेतून कुठेही गेला नव्हता.

चार्टवर आकडे इंग्रजीत असतात. सातचा नऊ करायला एक छोटा गोल पुरतो. मी तो काढला.

डॉक्टरांनी चार्टवर नजर फिरवली आणि दुपारी काकांना घरी सोडलं. खरं कळतं तर रात्रभर ठेवून घेतलं असतं. निघताना काकू हात जोडून म्हणाल्या, "लई जीव लावून बघितलं भाऊ तुम्ही. जागचे हलला न्हाईत." मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला.

पुढचे दहा दिवस फोन वाजला की आधी नंबर हॉस्पिटलचा आहे का ते बघायचो. मग काका खांद्याचा पट्टा काढायला आले, ठणठणीत. माझ्या मुलांसाठी शेतातल्या शेंगा घेऊन आले होते.

आता एकेक रकाना मी मॉनिटर बघूनच भरतो. घाईत हात चुकला असेल, योगायोग असेल... तसं म्हणून पाहिलंय, पटत नाही. तो ७८ तिथे कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याचा ९८ कसा झाला, याचं आहे. डॉक्टर अजून त्याच ड्युटीला असतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.