शिंजीर येत नाहीत तेव्हा

युसूफभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. शुक्रवारची सुट्टी होती, कुवेतमधल्या अबू हलीफाच्या आमच्या खोलीत मी डाळीला फोडणी देत होतो. "दिनेशकाका, अब्बा सकाळी नमाजाला उठलेच नाहीत..." एवढं बोलून तो थांबला. मी गॅस बंद केला. दोन महिन्यांच्या रजेवर ते रत्नागिरीकडे आपल्या गावी गेले होते. मला रडू लवकर येत नाही, राग लवकर येतो. त्या दिवशीही आधी रागच आला. रजेवर गेलेल्या माणसाने परत यायचं असतं, एवढी साधी गोष्ट या माणसाला कळू नये? नंतर खोलीतल्या सगळ्यांची जेवणं झाली, ती डाळ मात्र मी खाऊ शकलो नाही.

मी इलेक्ट्रिशियन, गाव संगमेश्वराकडचं. युसूफभाई माळी. दस्मान भागातल्या एका जुन्या बंगल्यात बागेच्या पाण्याचा पंप बिघडला म्हणून मी गेलो, तेव्हा आमची ओळख झाली. मी पंप उघडून हिंदीत काहीतरी पुटपुटलो, तर मागून आवाज आला, "मराठीत शिव्या घाल, पंपाला समजेल." पांढरी दाढी, डोक्याला ओला टॉवेल, आणि हातात कात्री. त्या दिवसापासून दर शुक्रवारी दुपारी मी तिकडे जाऊ लागलो. त्यांच्या खोलीत माशाची आमटी मिळायची, हे एक कारण. दुसरं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस कुणीतरी आपल्याला दटावावं म्हणून कुठे जातो, असं कोण कबूल करतं?

बंगल्याच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. गुडघ्यांनी साथ सोडलेली, म्हणून दिवसभर खिडकीजवळच्या चाकांच्या खुर्चीत बसायच्या. त्यांच्या नातीने अमेरिकेहून एक काचेची बाटली आणली होती. खाली लाल प्लास्टिकची फुलं, त्यातून पाखरांनी साखरेचं पाणी प्यायचं. ती बाटली खरं तर तिकडच्या हमिंगबर्डसाठी. ते पाखरू कुवेतमध्ये कुठून येणार? पण इथले शिंजीर आले. अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच, नर उन्हात जांभळा चमकणारा. युसूफभाई चहाच्या छोट्या काचेच्या पेल्याने मोजून एक पेला साखर आणि चार पेले पाणी घालत. सगळा हिवाळा मालकीणबाई त्या खिडकीत खुश होत्या.

आणि मार्च लागला तसे शिंजीर यायचे बंद झाले. दिवसातून एखादी फेरी, मग तीही नाही. मालकीणबाईंनी जेवण कमी केलं. आम्ही दोघांनी डोकं लढवलं. उन्हाने प्लास्टिकची फुलं फिकी पडली होती, म्हणून पाण्यालाच रंग द्यायचं ठरलं. आता कोकणातल्या माणसाला लाल रंग म्हटल्यावर काय सुचणार? माझ्या पेटीत आईने दिलेलं कोकमाचं आगळ होतं. छान लालभडक पाणी झालं. एक शिंजीर आला, चोच बुडवली, मान झटकली आणि थेट भिंतीपलीकडे गेला. आगळात मीठ असतं, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. युसूफभाईंनी बाटली गरम पाण्याने तीनदा धुतली आणि मला म्हणाले, "बरा हाय रे तू. पाखराला सोलकढी पाजतोस."

हसण्यावारी न्यावं अशी वेळ मात्र नव्हती. मालकीणबाईंचा थोरला मुलगा सगळा कारभार बघायचा. तो बागेत आला आणि त्याने एकदम दहा गोष्टी बघितल्या. बाटली रिकामी राहते, आई उदास आहे, पानांवर किडे आहेत, गेटावरच्या बोगनवेलीचा कचरा गाडीवर पडतो. त्याने सांगितलं, उद्या वेल कापायची, सगळीकडे औषध फवारायचं. जमत नसेल तर इकामा संपतोच आहे, दुसरा माळी बघतो. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो मालकाने वाढवला नाही की माणसाने पेटी भरायची आणि घरी जायचं. युसूफभाईंची धाकटी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आठवड्यातून दोनदा तरी तिचं कौतुक मला ऐकावं लागे.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून तसाच तिकडे पोचलो तर फवाऱ्याची टाकी कोरडी, कात्री भिंतीला टेकवलेली आणि युसूफभाई बादली उलटी घालून वेलीसमोर बसलेले. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मीही बसलो... शिंजिराची मादी आली. चोचीत एक कोळी. ती वेलीत शिरली, आणि तेव्हा कुठे मला ते लोंबणारं घरटं दिसलं. सुकी पानं, काड्या आणि कोळ्याच्या जाळ्यांचं गाठोडं, मी तर ते कचराच समजलो असतो. बाजूच्या भोकातून दोन चोची बाहेर. मादी गेली, नर आला, त्याच्या चोचीत हिरवी अळी.

"बघितलंस? साखरेच्या पाण्यावर पोरं मोठी होतात काय? त्यांना अळी पायजे, कोळी पायजे. मोठ्यांना तहान लागली तर आता सगळीकडे फुलं हायत. आपल्या बाटलीकडे यायला त्यांना फुरसत कुठाय!"

मी म्हटलं, ठीक आहे, समजलं, पण तुम्ही कापा आणि फवारा. दोन पाखरांपायी पोरीचं शिक्षण घालवणार काय? मी बरंच बोललो. अजून एक-दोन शब्द आठवले की लाज वाटते. ते शांतपणे म्हणाले, "किडे मारले तर ती पिल्लं भुकेने मरतील. मी माळी हाय, दिनेश. बागेतल्या जिवाला मारून बाग राखली, असं सांगू कुणाला?"

तेवढ्यात मालकीणबाईंचा मुलगा बाहेर आला. युसूफभाई उठून उभे राहिले. त्यांचं अरबी मोडकंतोडकं, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही. पाखरं बाटलीवर का येत नाहीत ते त्यांनी सांगितलं, घरटं दाखवलं आणि म्हणाले, "औषध मी मारणार नाही. तुम्ही खुशाल दुसरा माणूस बघा. फक्त त्याला पंधरा दिवसांनी बोलवा, तोवर पिल्लं उडतील." स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितलं नाही. मी शेजारी स्क्रू-ड्रायव्हर धरून उभा होतो आणि माझा ऊर भरून आला होता. माझ्याच मुलखातला हा माणूस, पायात फाटकी चप्पल, आणि कसा ताठ उभा होता! तो मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग वळून आत गेला.

दुसऱ्या सकाळी युसूफभाईंनी मालकीणबाईंची खुर्ची खिडकीतून काढून बागेत आणली आणि बाटलीकडे पाठ करून वेलीसमोर लावली. पिल्लं उडाली त्या दिवशी त्या बाईंनी युसूफभाईंचे दोन्ही हात धरून कितीतरी दुवा दिल्या. इकामा वाढला. मुलगी आज रत्नागिरीत नर्स आहे. पुढे दर वर्षी युसूफभाई मालकीणबाईंना आधीच सांगून ठेवत, आता येणार नाहीत, आता पोरांचे दिवस आहेत. पावसाळ्यानंतर आपल्याकडे आंबा मोहरायचा अंदाज बांधतात, त्याच भरवशाने. शरदात नराचा जांभळा रंग झडतो, तो मातकट होऊन लपूनछपून वावरतो, हेही त्यांनीच मला दाखवलं. जुलैच्या उन्हात साखरेचं पाणी आंबतं, म्हणून ते दिवसातून दोनदा बदलत. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. चार पुस्तकं वाचलेल्यांच्या तोंडून मी याहून कमी ऐकलेलं आहे.

त्यांचं सामान गावी पाठवायचं होतं म्हणून परवा मी बंगल्यावर गेलो. सामान ते काय, दोन पिशव्या. मार्च चालू आहे. बाटली भरलेली, आणि तिच्यावर कुणी नाही. नवा माळी फवाऱ्याची टाकी पाठीला लावून गेटापाशी अवघडून उभा होता. आता याला मी काय म्हणून अडवणार, असा विचार करत पुढे गेलो, तर वेलीसमोर, आई गेल्यापासून रिकाम्या असलेल्या तिच्या खुर्चीत, तो थोरला मुलगा बसलेला. अंगात पायघोळ पांढराशुभ्र दिशदाशा, डोळे वेलीवर. माझ्या पायांचा आवाज ऐकून त्याने हात वर केला.

"हळू," तो म्हणाला. मग नव्या माळ्याला त्याने टाकी उतरवायची खूण केली. "आत पिल्लं आहेत. या घरात युसूफचा कायदा चालतो."

मी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या, आणि त्याच्या शेजारी उभा राहून वेलीकडे बघत राहिलो.