चौथी स्क्रीन

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, कमेंट मात्र कधी केली नाही. खरं सांगायचं तर वाचताना मनात हसायचे. झोप झाली नसेल, ताप असेल, खिडकी उघडी राहिली असेल... शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहिताना मी अडखळते, सांभाळून घ्या. विश्वास ठेवा असं म्हणत नाही. मी स्वतः ठेवते की नाही, तेच मला कळलेलं नाही.

आम्ही जबलपूरला कांचघरमध्ये राहतो. आम्ही म्हणजे बाबा आणि मी. बाबा मूळचे वर्ध्याचे, नोकरी इथल्या फॅक्टरीत, गाड्यांच्या इन्स्पेक्शनला. आई नाही. दादा हैदराबादला असतो. बाबांना स्ट्रोक आला तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत मेडिकल क्लेम तपासायचं काम करत होते. कंपनीने घरून काम करू दिलं, पण अट एकच — काम अडता कामा नये. एका स्क्रीनवर हॉस्पिटलचे कागद, दुसरीवर आमचा फॉर्म, लॅपटॉपवर टीमचा कॉल. अडलं तर परत पुण्याला. आणि मी पुण्याला गेले तर बाबांचं काय करायचं, हे दादाने आधीच ठरवून टाकलं होतं. घर विकायचं आणि बाबांना नागपूरच्या एका ‘चांगल्या’ वृद्धाश्रमात ठेवायचं. म्हणजे आमचं घर त्या तीन स्क्रीनवर टिकून होतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, टीव्हीचं दुकान टाकलं का गं. मी हसून आत जायचे.

तर स्क्रीन. लॅपटॉपला पोर्ट एकच, म्हणून एक अडॅप्टर घेतला, ज्यातून दोन मॉनिटर निघतात. तो पहिल्या दिवसापासून लहरी. कधी एक मॉनिटर काळा, कधी दोन्हींवर एकच चित्र. मी केबल बदलल्या, ड्रायव्हर टाकले, लॅपटॉप झोपी जाऊ नये म्हणून सेटिंग बदललं. शेवटी एक क्रम सापडला — आधी चार्जर, मग मॉनिटर चालू करायचे, मग अडॅप्टर. पण आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टर येईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात सगळ्या स्क्रीन आपापली जागा विसरायच्या. मग सेटिंगमध्ये जाऊन ते चौकोन माऊसने ओढून पुन्हा ओळीत लावायचे.

एके दिवशी तिथे चार चौकोन दिसले.

चौथा सगळ्यांच्या डावीकडे होता. काढला तरी परत यायचा. माऊस डावीकडे नेला की बाण मॉनिटरच्या कडेतून निघून जायचा, भिंतीत. कधी एखादी विंडो तिकडे उघडायची आणि कीबोर्डने ओढून आणावी लागायची. ऑफिसच्या आयटीवाल्याने सांगितलं की असं होतं, मॉनिटर नसतानाही तो आहे असं अडॅप्टर लॅपटॉपला सांगतो. मला पटलं. मला तर हायसं वाटलं.

आता बाबांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्ट्रोकनंतर बाबांची डावी बाजू गेली. हातपाय तर गेलेच, पण डावीकडे काही असतं हेच त्यांच्या मेंदूतून गेलं. डोळे ठीक आहेत. तरी ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, मग ताट फिरवून द्यावं लागतं. दाढी करतात ती अर्ध्याच चेहऱ्याची. फिजिओथेरपिस्ट दीदी म्हणाल्या, महत्त्वाचं सगळं डावीकडे ठेवा, म्हणजे कधीतरी मान वळेल. म्हणून मी माझं टेबल त्यांच्या पलंगाच्या डावीकडे लावलं. आमचं दोघांचं तोंड एकाच दिशेला, माझ्या पलीकडे भिंत, भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा खिळा. मी दिवसभर त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसायचे आणि बाबांना दिसायचे नाही. हाक मारली की ते उजवीकडे शोधायचे, दाराकडे. “छोटी कुठं गेली?” मी उठून उजवीकडे जायचे तेव्हा म्हणायचे, आलीस का.

दादाचा फोन मात्र मी उजवीकडून धरायचे, म्हणजे त्याचा चेहरा त्यांना पूर्ण दिसावा. तो आठवड्यातून एकदा दिसायचा आणि बाबांचा दिवस चांगला जायचा.

त्या दुपारी जेवण झालं होतं. नुकतीच लाइट जाऊन आली होती. माझा फोन चार्जिंगला, म्हणून दादाचा कॉल मी लॅपटॉपवर घेतला. विंडो गेली चौथ्या स्क्रीनवर, नुसता आवाज. दादा म्हणाला की तो ऑफिसमध्ये आहे, नेटवर्क कमी आहे म्हणून कॅमेरा बंद ठेवलाय, बाबा कसे आहेत वगैरे. मी बोलता बोलता विंडो ओढून आणायला बघत होते.

तेव्हा बाबांनी मान वळवली.

डावीकडे, पूर्ण. माझ्यावरून, मॉनिटरवरून त्यांची नजर पुढे गेली आणि भिंतीवर थांबली, खिळ्याच्या जरा खाली. स्ट्रोकनंतर असं एकदाही झालं नव्हतं. बाबा हसत होते.

“नितीन दिसून राहिला,” म्हणाले.

मी हळूच म्हटलं, बाबा, दादाचा कॅमेरा बंद आहे.

“निळा शर्ट घातला. मागं खिडकी आहे... खिडकीतून ओमतीचं पोलीस ठाणं दिसून राहिलं.” मग त्यांचं हसू थोडं कमी झालं. “जबलपूरला आला अन् घरी काहून नाही आला रे?”

मला वाटलं कॉल कटला. मग दादाचा आवाज आला, बारीक, मी लहानपणी ऐकलेला — काही फोडलं की तो असा बोलायचा.

“छोटी, माझा कॅमेरा चालू आहे का?”

एवढ्यात विंडो माझ्यासमोर आली. काळ्या चौकोनात गोल, गोलात त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. बाकी काही नाही.

तो जबलपूरलाच होता, ओमतीतल्या एका हॉटेलात. ब्रोकरने घरासाठी पार्टी आणली होती, तिला भेटून संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. स्टेशनवरून आमच्या घरी यायला किती कमी वेळ लागतो ते जबलपूरवाल्यांना सांगायला नको. हे सगळं त्याने नंतर कबूल केलं, चिडून. घराचं सध्या थांबलंय. पण त्याची खात्री आहे की मी कोणालातरी त्याच्या मागे लावलं होतं आणि बाबांना शिकवून ठेवलं होतं. माझ्याशी बोलत नाही. बाबांशी बोलतो. फोन मीच धरते, उजवीकडून.

आयटीवाल्याचं उत्तर चौथ्या स्क्रीनचं आहे, बाबांचं नाही. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटना भास होतात. निळ्या शर्टाचा भास होईल. ठाण्याचा? मी बरंच डोकं चालवलं. शेवटी सोडून दिलं.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकोन अजून चारच होते. मी लॅपटॉपचा कॅमेरा उघडला. माझा चेहरा, केस विंचरून वगैरे, मोठा केला आणि डावीकडे सरकवला, भिंतीत. तशीच बसून राहिले, म्हणजे चित्रात राहीन. मग विचारलं, बाबा, तिकडे बघा ना, कोण दिसतं?

बाबांनी मान वळवली. परत पूर्ण. मला वाटलं होतं वळणार नाही. खिळ्याच्या खाली, बरोबर त्याच जागी, त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांनी डोळे बारीक केले, गाडीत खोट शोधताना करत असतील तसे.

“कोणीच नाही,” म्हणाले. “भिंत आहे.” आणि मान उजवीकडे नेऊन विचारलं, “छोटी कुठं गेली?”

मी उठून उजवीकडे गेले.

त्यानंतर कंपनीने त्या अडॅप्टरच्या जागी चांगला डॉक पाठवला. आता तिन्ही स्क्रीन व्यवस्थित चालतात, लाइट गेली तरी. चौथा चौकोन येत नाही. बाबांची मान डावीकडे वळत नाही. मी तिथेच बसते.

कोणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर दादाच्या कॉलचं सांगा. दुसऱ्या दिवसाचं नको.