कागदावरची दोन वर्षं

मोशीच्या जयसिंगला एकदाचं कुठेतरी परमनंट व्हायचं होतं. त्याहून मोठं काही त्यानं देवाकडे मागितलं नाही. लग्नाआधीपासून तो आकुर्डी-चिंचवडच्या कंपन्यांत टेंपररी राबत होता. सहा-सात महिने झाले की ब्रेक. पुन्हा गेटवर उभं राहायचं, पुन्हा कुणाच्या तरी पाया पडायचं. कंपन्यांना माणूस हवा असतो, त्याचा हक्क नको असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणून पुण्यात फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, हे ऐकून तो हरखला. आग विझवणारा कंपनीला बारमाही लागतो, त्याला ब्रेक देऊन कसं भागेल, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही चूक नव्हतं. फी साडेचारशे रुपये, वर बूट, खाकी कपडे, जाण्यायेण्याचं भाडं, आणि सहा महिने घरात पगार नाही. दुसऱ्या पारड्यात महिन्याला चारशे आणि कायमची नोकरी. त्याची बायको प्रभावती हिशेबाला पक्की. तिनं आठवडाभर विचार केला आणि दावणीची एकुलती एक म्हैस चाकणच्या बाजारात धाडली. आम्ही शेजाऱ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, म्हैस भाकड होते, परमनंट नोकरी होत नाही.

ते सहा महिने प्रभावती आणि तिची सासू चिमाबाई लोकांच्या शेतात खुरपायला जात होत्या. घरात दुधाचा चहा बंद झाला. जयसिंग मात्र शिडी, दोर, पाण्याचा पाइप यांत असा रमला की कोर्सात पहिला आला. त्या दिवशी त्यानं गल्लीत पेढे वाटले, आणि आम्ही ते लाज सोडून खाल्ले.

लगेच भोसरीच्या रस्त्यावरच्या एका रंगाच्या कंपनीत जागा निघाली. जयसिंग तिथे खांद्यावर माणूस घेऊन शिडी उतरून दाखवून आला. साहेब खूश झाले. मग कारकुनानं शाळेचा दाखला उघडला आणि सांगितलं, की सव्वीस पूर्ण झालीत, आम्हाला पंचविशीच्या आतलाच घेता येतो.

जयसिंग चोवीस वर्षांचा होता. दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून. आमची अख्खी पिढी एक जूनलाच जन्मलेली आहे, मास्तर दुसरी तारीख लिहायचेच नाहीत. वय ठरायचं हातावरून. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचं. जयसिंगचा हात पोचत नव्हता, कारण तो चारच वर्षांचा होता. पण चिमाबाईचा नवरा वारलेला, पोराला बांधावर झोपवून ती कामाला जायची आणि तिथे साप निघायचे. शाळेत पोर सुरक्षित राहील म्हणून तिनं मास्तरांदेखत त्याचा हात ओढून कानाला लावला. मास्तरांनी डोळेझाक केली. ही गोष्ट गल्लीत सगळे हसत सांगायचे. पण पै-पैचा हिशेब मांडणाऱ्या त्या घरात कागदावरचं वय मोजायचं कुणाला सुचलं नाही, आणि आम्हा शहाण्यांनाही नाही. कोर्सवाल्यांना फीशी मतलब, ते कशाला विचारतील?

दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला चिमाबाई पोराला घेऊन पुण्याच्या कचेरीत गेली. तिथल्या बाबूनं खरं साल विचारलं.

"माजा थोरला देवी येऊन गेला, त्याच साली ह्यो झाला," ती म्हणाली.

बाबूनं थोरल्याच्या मृत्यूची नोंद मागितली. ती नव्हती. जयसिंगच्या जन्माचीही नव्हती. म्हातारी कचेरीच्या पायरीवर बसली आणि इतक्या वर्षांनी त्या थोरल्यासाठी रडली. तो होऊन गेला हेही तिला सिद्ध करता येईना. मला अजून त्या बाबूचा राग येतो, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं याचा जास्त येतो.

जयसिंग आणखी तीन कंपन्यांत जाऊन आला. वयाची अट सगळीकडे तीच. जुन्या गेटवर आता नवी पोरं उभी होती. आईला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, कारण चिमाबाईनं जेवण टाकलं होतं. प्रभावतीला ती एवढंच म्हणायची, की पोराची दोन वर्षं मीच खाल्ली.

शेवटी एका ठेकेदारानं त्याला वॉचमन म्हणून ठेवलं, टेंपररीपेक्षाही कमी पगारावर. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा चिमाबाई दारातच बसली होती.

"आज तरी वय इचारलं का रं?" तिनं विचारलं.

"न्हाई, आई," जयसिंग म्हणाला. "नावबी न्हाई इचारलं."

"मग बरं झालं," म्हातारी म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली.