परतूचा जन्मदाखला

हे आत्ताच सांगायचंय. डबा तसाच टेबलावर पडलाय, पण आधी हे.

सकाळी ऑफिसात एक काका आले, जन्मदाखला टेबलावर आपटला आणि म्हणाले, "ओरिजिनल हाय मॅडम, शिक्क्यासकट. आता तरी लग्न होऊ द्याल का न्हाई?" मी म्हटलं, "बसा काका. पोरीला घरात काय म्हणून हाक मारता?" काका खवळलेच. "याचा काय संबंध? कलेक्टरकडं तक्रार करतो तुमची." म्हटलं करा, समोरच्याच बिल्डिंगीत बसतात, चहाच्या वेळेआधी गाठा. (पोरगी अठरा पूर्ण निघाली. लग्नाला आमच्या ऑफिसकडून शुभेच्छा.)

पण संबंध आहे. तो का आहे हे माझ्या स्टाफलापण मी कधी नीट सांगितलेलं नाही. म्हणून आज लिहून टाकते.

मी सहा वर्षं पोलिसात फौजदार होते. मग वर्दी उतरवली, परीक्षा दिली, आणि आता जिल्ह्याच्या बाल संरक्षणाच्या ऑफिसची प्रमुख आहे. नातेवाईक म्हणतात ही पोरगी तिशीतच रिटायर झाली. असू द्या. रिटायर माणसाला आठवणी लिहायचा हक्क असतो ना? मग ही माझी आठवण. डोक्यातून जातच नाही ती. कुणाचं नाव घेणार नाही. मुलीचं घरचं नावसुद्धा एका अक्षरानं बदललंय.

मुखेडच्या पुढं, लातूरच्या हद्दीला चिकटून असलेल्या एका गावची गोष्ट. तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. ठाण्यात येणारी निम्मी भांडणं पाण्याच्या नंबरावरून. एका बाईनं दुसरीच्या डोक्यात कळशी घातली, आणि पंचनाम्यात मी लिहिलं, "एक स्टीलची कळशी, पोचा आलेली." असे दिवस.

एके दुपारी माझ्या मोबाईलवर टँकरवाल्याचा फोन आला. खाजगी टँकर चालवायचा तो, ओळखीचा.

"मॅडम, एक विचारू का? जावळाला दोन टँकर लागत्यात का हो?"

"म्हणजे?"

"आजच्याला दोन टँकर सांगितलेत. म्हणत्यात जावळ हाय. म्या म्हणलं, लेकराचं डोकं धुवायलेत का हत्तीचं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "परतूचं घर हाय मॅडम. माझं नाव सांगू नका, लई गुणी पोरगी हाय वो."

मी घाईत "पारू" ऐकलं. पार्वती असेल, म्हटलं. पुढं विचारलंच नाही. ही माझी पहिली चूक.

स्टेशन डायरीला नोंद केली, जीप काढली, सोबत आमच्या महिला हवालदार. देगलूरकडच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. अख्खं ठाणं त्यांना अक्का म्हणायचं. गावात पोचलो तर दारात मांडव, आचाऱ्याची भट्टी पेटलेली, हळकुंडं कुटून ठेवलेली. मी विचारलं, "ज्याचं जावळ आहे ते लेकरू कुठंय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. लेकरूच नव्हतं घरात!

मग मुलीचा मामा पुढं आला. आईचा सख्खा भाऊ, हिंगोलीकडचा. मुलीचे वडील हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, त्यामुळं सगळा कारभार मामाच्या हातात. नवरदेवपण मामाच्या सासरकडचाच. मामा हसत हसत म्हणाला, "हाव, लग्नच हाय मॅडम. पोलिसांचा ताप नको म्हणून जावळ म्हणलो. पोरगी एकोणीसची हाय. हे बघा."

प्लास्टिकच्या पिशवीतून जन्मदाखला काढला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. मी उन्हात धरून बघितला. शिक्का खरा, सही खरी, शाई जुनी. खोटे दाखले मी ढीगभर पाहिले होते, हा खोटा नव्हताच. मुलीचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, सगळं बरोबर. शाळेचा दाखलापण याच तारखेचा. हिशोबानं एकोणीस.

मुलगी दाराआड उभी होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची. मी तिच्याकडं बघितलं आणि परत कागदाकडं बघितलं.

मामा म्हणाला, "आता जेवूनच जा मॅडम. भज्याचा पहिला घाणा तुमच्याच नावाचा." मांडवातली माणसं फिदीफिदी हसली. जीपमध्ये बसून मी टिपणात लिहिलं, "तथ्य आढळून आले नाही."

गावाबाहेर आलो तशा अक्का बोलल्या. "मॅडम, रागवू नका, एक विचारू?"

"विचारा."

"त्या पोरीला तुम्ही एक तरी प्रश्न केला का?"

मी टिपणाची वही मिटली.

"कागदाला लई विचारलं तुम्ही. उन्हात धरून, उलटा करून. पोरीला न्हाई विचारलं. आन पारू पारू काय करायलात? बाया तिला परतू म्हणून हाका मारायल्यात. कागदावर तर तिसरंच नाव हाय."

खरं सांगू, मला इतकी लाज वाटली! ड्रायव्हरला म्हटलं, जीप वळव.

परत आलेलं बघून मामाचं हसू गेलं. "आता काय राहिलं?" मी म्हटलं, "भजी राहिली." मुलीला आणि तिच्या आईला घेऊन शेजारच्या अंगणवाडीत गेलो. टोपी काढून बाजूला ठेवली, लेकरांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो. मामा दारात आला, तर अक्का उंबऱ्यातच मांडी घालून बसल्या. "मामा, तुम्ही आचाऱ्याकडं बघा. तेल तापलं असंल."

मी मुलीला विचारलं, "वय किती तुझं?"

"एकोणीस पूर्ण." पाढा म्हणावा तसं.

"बरं. घरात परतू का म्हणतात?"

ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "आईला विचारा. मला सांगत न्हाईत."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. आरोपीची चौकशी करताना मी आवाज चढवायचे. तिथं चढवला नाही. अक्कांनी सांगितलं होतं, बाई पदर गुंडाळायला लागली की आपण थांबायचं, ती आपणच बोलते. थांबलो. बाहेर आचारी कुणावर तरी ओरडत होता.

"पहिली गेली माझी," आई म्हणाली. "चालायला लागली होती बाई. ताप आला आन दोन दिवसांत गेली. मग ही झाली. तसंच नाक, तसाच कानामागं तीळ. सगळे म्हणले, तीच परत आली. मग तिचंच नाव ठेवलं. घरात परतू. परत आली म्हणून परतू."

माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानापण येतोय.

"माय, मग ही कधी झाली?"

"तारीख काय ठावं मला. नवा जिल्हा झाला बघा आमच्या माहेरी, हिंगोली, त्याच्या दिवाळीत. बाळंतपणाला माहेरी होते मी. हाच माझा भाऊ म्हणला, पहिली परभणी जिल्ह्याची होती, ही नव्या जिल्ह्याची आली."

मी दाखला उघडला. खाली गोल शिक्का, आणि शिक्क्यात स्वच्छ वाचता येत होतं, जिल्हा परभणी.

दुपारभर मी ज्याची शाई तपासली, तो शिक्का मी वाचलाच नव्हता! कागद खरा होता, पण दुसऱ्या लेकराचा होता. जे लेकरू जगात नव्हतं त्याचा.

मुलगी कागद बघत होती. "हे माझं न्हाई?" तिनं आईला विचारलं. आईनं मान खाली घातली.

"मग मी केवढी हाय?"

आईनं बोटं मोजली. दोनदा मोजली. "सोळा. येत्या दिवाळीला सतरा."

मग मात्र सुसाट. मामाच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. त्यानं जुनी रजिस्टरं काढायला पाऊण तास घेतला. फोनवर वाचून दाखवलं, "या नावाची जन्माची नोंद एक. मृत्यूची नोंद एक. दुसरा जन्म नोंदलेला नाही मॅडम." म्हणजे बघा, माझ्यासमोर जिवंत बसलेल्या पोरीची सरकारदरबारी कुठं नोंदच नव्हती. शाळेतसुद्धा ती मेलेल्या बहिणीच्या दाखल्यावर शिकली.

मी मांडवात जाऊन सांगितलं, लग्न होणार नाही.

मामा उसळला. "कागद खोटा म्हणता का सरकारचा?"

"कागद खरा आहे. पोरगी दुसरी आहे."

"दुसरी कशी? तीच परत आलीय, अख्ख्या गावाला इचारा! तीच आली म्हणल्यावर वय बी तिचंच धरायचं की!"

आणि शप्पथ सांगते, चार माणसांनी मान डोलावली. मला हसावं का रडावं कळेना.

मी म्हटलं, "ठीक आहे मामा, तीच धरू. मग तिच्या मृत्यूची नोंदपण धरावी लागेल. मेलेल्या मुलीचं लग्न लावताय तुम्ही. लिहू का असं जबाबात? सही कराल?"

मी पेन पुढं केलं. मामाचा हात खिशातून बाहेर येईना.

मग फोन सुरू झाले. माजी अमुक, आजी तमुक. "मॅडम, दुष्काळात कशाला ताणता. आई रानात, पोरगी पाण्याच्या रांगेत, टवाळ पोरं मागं, कुणाच्या भरवशावर ठेवायची?" मी म्हटलं, टवाळ पोरांची नावं सांगा, आत्ता उचलते. नावं कुणी सांगितली नाहीत. "वर कळवू तुमच्याबद्दल." कळवा. कुठं टाकतील, भोकरला? भोकरला काय माणसं राहत नाहीत का!

मामा शेवटचं म्हणाला, "दोन टँकर पाणी गेलं की वाया."

अक्का उठल्या. "वाया कशाला? ए बायांनो, हंडे आणा गं!" त्या लग्नाला आलेल्या बाया, नटलेल्या, मामा बघत असताना पाणी भरायला लागल्या.

नवरदेवाकडची मंडळी माघारी गेली. दोन्हीकडच्यांना कायद्यानं नोटिसा बजावल्या, मामावर गुन्हा नोंद केला. सरकारी दवाखान्यात वयाची तपासणी झाली, अठराच्या आत असल्याचं आलं. मुलीला बाल कल्याण समितीपुढं उभं केलं, आणि समितीनं हमीपत्र घेऊन तिला आईकडंच ठेवलं. टवाळ पोरांची नावं नंतर परतूनंच मला दिली. चार होती. चौघांना ठाण्यात बसवलं, आयांसमोर.

त्या केसनं मला एकच शिकवलं. खोटा कागद पकडणं सोपं. खरा कागद चुकीच्या लेकराच्या हातात असतो तेव्हा आपण सगळे हुशार लोक नापास होतो. म्हणून आता ऑफिसात माझा नियम आहे, आधी लेकरू, मग कागद. स्टाफ कुरकुरतो, साहेब लोक मीटिंगमध्ये म्हणतात "मॅडम, प्रकरणं वेळेत निकाली काढा." काढणार नाही. लेकराशी बोलल्याशिवाय एकपण फाईल माझ्या सहीनं बंद होणार नाही. लिहून घ्या.

आणि परतू? जन्माची नोंद करायला तहसीलला खेटे घालावे लागले. आईचा जबाब, दवाखान्याचा कागद, आदेश, सगळं जमवता जमवता वर्ष गेलं. शेवटी नोंद घालायच्या दिवशी मी गेले होते सोबत. क्लार्क रजिस्टरवर पेन टेकवून म्हणाला, "नाव तेच ना?"

मी हो म्हणणार होते. ती माझ्याआधी बोलली.

"न्हाई. ते नाव ताईचं हाय. ताईचं तिला राहू द्या." मग आईकडं वळली. "माझं दुसरं ठेव आई. माझं मला."

आई तिथंच, खिडकीसमोर, रडायला लागली. पहिलीसाठी रडायला तिला तोवर कुणी सवडच दिली नव्हती, कारण पहिली परत आलीय असंच सगळे म्हणत होते. रांगेतली माणसं थांबली, कुणी घाई केली नाही. मग तिनं डोळे पुसले आणि पोरीच्या कानात एक नाव सांगितलं. पोरीनं ते क्लार्कला मोठ्यांदा सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही, ते फक्त तिचं आहे.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात आहे का हो असं कुणी, गेलेल्या भावाबहिणीच्या नावावर आणि तारखेवर वाढलेलं? की तुम्ही स्वतःच आहात? तुम्हाला कधी कळलं, आणि कुणी सांगितलं?